त्या नावाचं इथं कुणी राहत नाही

कर्ज करून देणाऱ्या एजंटानं माझे सगळे कागद टेबलावर पत्त्यांसारखे मांडले, त्यांच्या दोन गड्ड्या केल्या आणि विचारलं, "मॅडम, ह्या दोघी कोन?"

"दोन्ही मीच," मी म्हटलं.

"ते मला कळालं हो. बँकेला कळंल का, हा सवाल हाय."

नांदेडला कोर्टामागच्या गल्लीत त्याचं एका शटरचं ऑफिस होतं. एक टेबल, एक झेरॉक्सचं मशीन आणि भिंतीवर वेगवेगळ्या बँकांची कॅलेंडरं. तो स्वतः कुठल्याच बँकेचा नव्हता. कुणाचं प्रकरण कुठं बसेल ते हेरायचं, फाइल बनवायची, तिथल्या साहेबापुढं नेऊन घालायची आणि बँकेकडून आपलं कमिशन घ्यायचं, हा त्याचा धंदा. माझ्या कचेरीतल्या निम्म्या लोकांची घरं त्याच्याच हातून झाली होती, म्हणून मीही गेले. माणूस गोड बोलणारा. मला गोड बोलणाऱ्यांचा राग येतो, पण अडला हरी अशी माझी गत होती.

डाव्या गड्डीत माहेरच्या नावाची मी होते. दहावीची सनद, पॅनकार्ड, पगाराची चिठ्ठी, सेवापुस्तकाचं पहिलं पान. सरकारी कचेरीतली कारकुनी मला लग्नाआधीच लागली होती, त्यामुळं नोकरीत मी अजून बापाच्याच नावानं वावरते. उजव्या गड्डीत सासरच्या नावाची मी. रेशनकार्ड, मतदानाचं कार्ड आणि आधार. आधार आधी माहेरच्या नावाचं होतं, पण लग्नानंतर रेशनकार्डात नाव घालायचं म्हणून सासरच्यांनी सरपंचाचा दाखला लावून तेही बदलून आणलं. तेव्हा असं बदलून मिळायचं.

आणि बदललं म्हणजे नुसतं आडनाव नाही. आमच्याकडे लग्नात नवरीचं स्वतःचं नावसुद्धा बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं आणि मग सगळ्यांनी पेढे खायचे. माझं नवं नाव सासूबाईंनी ठरवलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा त्यात काही खटकलं नव्हतं. हळद, मेंदी, हिरवा चुडा, नवं नाव, सगळं एकाच ओळीत बसलं होतं. ते असं टेबलावर समोरासमोर येऊन बसेल असं कुणाच्या मनात आलं होतं?

"बरं, टाकून बघू," एजंट म्हणाला. "अर्ज पॅनवरच्या नावानं करू. पगार त्याच नावाचा हाय. आधारला एक शपथपत्र जोडू. करा सह्या."

मी प्रत्येक झेरॉक्सवर तिरकं लिहीत गेले, 'फक्त गृहकर्जासाठी'. कुणाच्या तरी आधारवर कुणीतरी भलतंच कर्ज उचलल्याच्या गोष्टी मी ऐकल्या होत्या. तो हसला. आधारच्या प्रतीवर आल्यावर मात्र पेन थांबलं. माझी एकच सही आहे, नोकरीतली.

"पॅनवर हाय तीच करा," तो म्हणाला.

"पण आधारवरची बाई अशी सही करत नाही."

"आधारवरची बाई सही करतच न्हाई मॅडम, अंगठा देते."

मला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. सही केली आणि निघाले.

घर विष्णुपुरीच्या बाजूला होतं. खाली दोन खोल्या, वर दोन, मागं सीताफळाचं झाड. विकणारे एक निवृत्त प्राध्यापक, पुण्याला लेकीकडे निघालेले. त्यांना आम्ही इसार दिला होता आणि इसारपावतीवर महिनाअखेरची मुदत होती. मुदत टळली की इसारही गेला आणि घरही गेलं. दुसरं गिऱ्हाईक दारात उभंच आहे, असं ते दर फोनला सांगायचे. खरं असेल, नसेलही, पण माझी झोप उडायला तेवढं पुरे होतं.

माझी अट एकच होती. घर माझ्या एकटीच्या नावावर व्हायला हवं. ती का, हे मी नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. हप्ता माझ्या पगारातून जाणार म्हणून, असं त्याला वाटत होतं आणि मी वाटू दिलं होतं. खरं कारण काही वर्षांपूर्वीचं होतं. भाजी खारट झाल्याचं निमित्त होऊन आमचं भांडण पेटलं आणि तो म्हणाला, "जमत नसंल तर नीघ माझ्या घरातून." घर भाड्याचं होतं. भाडं मी भरत होते. तरीही मी उठले आणि चप्पल शोधू लागले. तो बोलला ते लागलंच, पण मी उठले ते मला जास्त लागलं. तू काय म्हणून निघायचंस बाई, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तो दुसऱ्या दिवशी सगळं विसरला. माणूस वाईट नाही. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळतो, व्यसन नाही, हात उगारत नाही. पण ते वाक्य माझ्या अंगात कुसळासारखं राहिलं होतं. मला असं एक दार हवं होतं जिथून मला कुणी नीघ म्हणू शकणार नाही.

आठवडाभरानं कचेरीत एजंटाचा फोन आला. आवाजातला गोडवा गेलेला.

"मॅडम, फाइल निगेटिव आली."

"म्हणजे?"

"बँकेचा तपासणीवाला तुमच्या घरी जाऊन आला. पत्ता बरोबर, पन त्या नावाचं हितं कुणी राहत न्हाई म्हनले."

"कोण म्हणालं?"

"शेजारी म्हनले. अन् घरातून एक म्हातारीबी म्हनली. दोनदा इचारलं म्हने त्यानं."

घरातली म्हातारी म्हणजे माझ्या सासूबाई. दुसरी म्हातारी आमच्या घरात नाही.

रजा टाकून मी घरी आले. शेजारणीनं पदर तोंडाला लावला. "वहिनी, आम्हाला तुमचं ते नाव ठाऊकच न्हवतं की हो! कुणी फसवणुकीवाला असंल म्हणून मीच त्याला घालवलं." तिचं बरोबर होतं. या गल्लीत माझं ते नाव कुणी कधी ऐकलंच नव्हतं. जन्माचं नाव, बारशाचं नाव, शाळेत हजेरीला घेतलेलं नाव, आणि मी राहते तिथं ते कुणाला माहीतच नाही.

सासूबाई आत तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात.

"आत्या, कुणी आलं होतं का?"

"हाव. एक हेल्मेटवाला. कुन्या बाईला इचारत व्हता. म्या म्हनलं, असं कुणी न्हाई हितं."

"ते माझंच नाव आहे."

"आस्सं व्हय?" त्यांनी खडा वेचून बाजूला टाकला. "मला कुठं ध्यानात ऱ्हातंय आता."

माझ्या लग्नात कुणी किती वजनाचं पातेलं दिलं, कुणाचा आहेर हलका होता आणि कोण जेवायला थांबलं नाही, हे या बाईच्या तोंडपाठ आहे. मी उभ्या उभ्या त्यांच्या हातांकडे बघत राहिले. डाळ नीट निवडली जात होती.

रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो उसळला. "वय झालं तिचं. जाणूनबुजून कशाला करंल? तुला सगळीकडं संशयच दिसतो." माझ्याकडे पुरावा काय होता? विसरणं हा गुन्हा नाही आणि विसरल्याचं सोंग उघडं करायला कुठली कचेरी नसते.

दुसऱ्या दिवशी एजंटानं दोघांनाही बोलावलं. त्याच्याकडे तोड तयार होती. एक फायनान्स कंपनी होती, व्याज थोडं जास्त, पण दुकानाच्या उलाढालीवर कर्ज देणारी. "साहेबांच्या नावानं टाकतो. मॅडमचं नावच नको कागदात. न नाव, न खटका. परवा मंजुरी."

"आणि घर?" मी विचारलं.

"घर साहेबांच्या नावावर. हप्ता काय, कुणीबी भरा."

नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "काय फरक पडतो? घर घरातच ऱ्हातंय ना."

"मग माझ्या नावावर झालं तरी ते घरातच राहतंय," मी म्हटलं. "फरक पडत नसेल तर थांबा की."

नवरा बाहेर जाऊन उभा राहिला. एजंटानं काचेखालची व्हिजिटिंग कार्डं सारखी केली. मी उठले नाही. या वेळी मी उठणार नव्हते. शेवटी एजंटच कंटाळून म्हणाला, "ताई, एक रस्ता हाय, पन धावपळ हाय. लग्नाची नोंदणी केलीय का तुम्ही?"

केली नव्हती. मांडवात गाव जेवलं की आमचं लग्न पक्कं, त्याला आणखी कागद कशाला हवा?

"मग करून आना. त्या सर्टिफिकिटात लग्नाआधीचं नाव अन् नंतरचं नाव एकाच कागदावर येतं. ते आलं तर मी बँकेतल्या साहेबाच्या पाया पडून दुसऱ्यांदा तपासणी लावतो. नाही आलं, तर मग साहेबांच्याच नावानं."

म्हणजे सगळं त्या एका कागदावर येऊन ठेपलं. त्यासाठी लग्नपत्रिका हवी, लग्नातला फोटो हवा आणि लग्नाला हजर असलेले साक्षीदार हवेत. घरातल्या पत्रिकेचा उपयोग नव्हता. सासरच्यांनी छापलेल्या त्या पत्रिकेत माझं नवं नावच घालून मोकळे झाले होते. तांदळात लिहायच्या आधीच छापखान्यात लिहून झालेलं. जुन्या नावाची पत्रिका माझ्या माहेरी, शिरूर अनंतपाळजवळच्या गावी होती. भाऊ ती घेऊन लातूरच्या स्टँडवर आला, मी नांदेडहून तिथं गेले. गर्दीत, फळांच्या गाड्याशेजारी उभं राहून मी पत्रिका उघडली आणि माझ्या नावावरून बोट फिरवलं. किती तरी वर्षांनी मी ते कुंकवाच्या रंगात छापलेलं बघत होते. डोळे भरून आले. भाऊ म्हणाला, "काय झालं गं?" मी म्हटलं, "धूळ हाय लातूरला लई."

नोंदणी नवऱ्याच्या गावी, उमरी तालुक्यात, ग्रामपंचायतीत व्हायची होती. आदल्या दिवशी ग्रामसेवकानं फोनवर नवऱ्याला बजावलं, "मुलीकडचा एक साक्षीदार चालंल, पन मुलाच्या बाजूचंबी जानतं मानूस पायजे. लग्नात पुढं असनारं."

सासरे राहिलेले नाहीत. थोरला दीर हैदराबादला. नवरा म्हणाला, "आई हाय की."

त्या रात्री मी जागीच होते. ज्या तोंडानं 'इथं कुणी नाही' म्हटलं त्याच तोंडावर माझं घर टांगलेलं होतं. त्यांना आधी नाव पढवून ठेवावं का? पढवलं तर, त्या दिवशी मुद्दाम विसरला होतात असं म्हटल्यासारखं होणार. न पढवलं तर त्या उद्या पुन्हा विसरणार. सकाळी चहा देताना मी नाव जिभेवर आणलं आणि गिळलं. मला त्यांच्यापुढं हात पसरायचे नव्हते.

जीपमध्ये त्या खिडकीशी बसल्या, मी मधे, पलीकडे नवरा. भाऊ परस्पर गावात पोचला होता.

ग्रामसेवक तरुण होता आणि कडक होता. आमचे कागद त्यानं बघितले, भावाची साक्ष घेतली, मग पत्रिका आणि अर्ज उलटे करून त्यावर हात ठेवला. "आता तुम्ही तिघं बोलायचं न्हाई. खुणाबी करायच्या न्हाईत. मागं एका प्रकरणात भलतीच बाई उभी करून गेले लोक, मला भोवलं ते." मग त्यानं खुर्ची आत्यांकडे वळवली. "आजी, ही कोन?"

"माझी धाकली सून."

"लग्न तुमच्या डोळ्यापुढं झालं?"

"मीच लावलं की."

"लग्नाआधी हिचं नाव काय व्हतं?"

पंखा कुरकुरत होता. आत्या माझ्याकडे बघायला लागल्या. नुसतं 'ध्यानात न्हाई' एवढं त्यांनी म्हटलं असतं तरी सगळं संपलं असतं. सवयीचं वाक्य, वयाला शोभणारं, कुणी दोष दिला नसता. नवऱ्याचं पाऊल बाकाखाली हलत होतं. मी मनात चक्क शिव्या देत होते, त्यांना, त्या तांदळाच्या ताटाला, स्वतःला.

आत्या बोलल्या. नुसतं नाव नाही सांगितलं. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, माझ्या आजोळचं आडनाव, सगळं ओळीनं, कुठं न अडखळता. "अन् घरात हिला काय म्हनत व्हते तेबी सांगू का?" असं विचारून त्यांनी माझं लाडाचं नावही सांगितलं, जे फक्त माझ्या आईच्या तोंडी असायचं आणि जे मी सासरी कधीही कुणाला सांगितलं नव्हतं.

"लई ध्यान हाय की आजी," ग्रामसेवक हसला.

"म्याच बदललं ते," त्या म्हणाल्या. "बदलनाऱ्याला ध्यानात ऱ्हातंय."

नवऱ्यानं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली घातली. वय झालं म्हणणारा तोच होता. आत्यांनी निळ्या शाईचा अंगठा उठवला आणि बोट पदराला पुसलं.

त्या कागदावर पुढचं सगळं झालं. दुसऱ्यांदा तपासणी झाली, मंजुरी आली, मुदत टळायच्या आधी खरेदीखत झालं, घर माझ्या नावावर आहे. पण त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर यातलं काहीच झालेलं नव्हतं. नवरा आणि भाऊ प्रमाणपत्राच्या प्रती काढायला गेले होते आणि आम्ही दोघीच उरलो होतो.

"आत्या, त्या दिवशी का नाही सांगितलं?"

त्यांनी सोंग केलं नाही. "त्यानं तुला नीघ म्हनलं व्हतं, तवा मी आतच व्हते. समदं ऐकलं. तू तरनी हाईस, तुला नोकरी हाय, तू कुठंबी जाशील. मला कुणी तसं म्हनलं तर मी कुठं जाऊ? लेकाचं घर आसलं तर लेकाला कवातरी दया यील. तुझं झालं तर तू कशाला ठिवशील मला? मी काय लई चांगलं वागले व्हय तुझ्यासंगं?"

"मग आज कामून सांगितलं?"

"दारात परक्या मानसापाशी बोलले व्हते. हितं तू समोर बसली व्हतीस." मग त्यांनी विचारलं, "मला नीघ म्हननार न्हाईस ना?"

मला राग होता, चिक्कार होता. या बाईमुळं घर हातचं जाता जाता राहिलं होतं, आठ-पंधरा दिवस मी जळत होते. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मी उत्तर द्यायला वेळ लावला. मुद्दाम लावला. कर्ज मंजूर नव्हतं, खरेदीखत नव्हतं, त्या घराची किल्लीसुद्धा माझ्या हातात आलेली नव्हती, आणि मी एका म्हातारीला दारात उभं करून ठेवलं होतं. हे ध्यानात आलं तेव्हा माझीच मला भीती वाटली.

"नाही म्हणणार," मी म्हटलं.

आत्यांनी पाठमोरंच मान हलवली. पण तोवर त्या ओट्यावरून उतरून जीपकडे चालू लागल्या होत्या. त्यांना जे कळायचं होतं ते मी गप्प होते तेवढ्यात कळून गेलं होतं.